‘घर्षणामुळे स्फोट’ एवढ्यावर चौकशी संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ कामगार गेले. नागपूरजवळच्याच धामण्याच्या कारखान्यात १३ जून २०२४ रोजी स्फोट झाला. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ जण गेले. या तीन ठिकाणी नेमके काय घडले, यावर आम्ही इथे मत देणार नाही, ते चौकशी करणाऱ्यांचे काम आहे. पण स्फोटके, दारूगोळा किंवा फटाके यांच्या कारखान्यात अपघात झाला की ‘घर्षणामुळे स्फोट झाल्याचा प्राथमिक अंदाज’ असे एक वाक्य छापून येते आणि तिथेच विषय मिटतो. वाचणाऱ्याला वाटते, दारू ती, घासली गेली, उडाली, त्यात कुणाचा काय इलाज? आमचा आक्षेप या समजावर आहे. कोणता पदार्थ किती आघाताने आणि किती घर्षणाने उडतो, हे मोजता येते. त्याची यंत्रे आहेत, ठरलेली पद्धत आहे, आकडे आहेत. म्हणून ‘घर्षण’ हे उत्तर नव्हेच. किती जोराने, कशावर कसे, मध्ये काय अडकले होते आणि त्या पदार्थाची मर्यादा किती होती, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

आधी आत काय घडते ते पाहू. हातोडा पडला, पदार्थ तापला आणि पेटला, असा सरळ समज असतो. हिशेब केला तर तो जुळत नाही. चाचणीसाठी आरडीएक्सची कोरडी पूड घेतात ४० घन मिलिमीटर, म्हणजे साधारण ०.०४ ग्रॅम. पाच ज्यूलच्या (ज्यूल हे ऊर्जेचे एकक) आघातात तिचा स्फोट होऊ शकतो. हे पाचही ज्यूल उष्णता होऊन पुडीत सारखे मुरले असे धरले, तरी तापमान शंभर-सव्वाशे अंशांनीच वाढेल. आरडीएक्स वितळते २०४ अंशांच्या आसपास. म्हणजे हिशेबाने पूड वितळायलाही नको, आणि प्रत्यक्षात ती उडते. याचे उत्तर केंब्रिजच्या बाउडन आणि योफ या शास्त्रज्ञांनी दिले. १९५२ साली त्यांनी आपले काम ग्रंथरूपाने मांडले. त्यांनी दाखवले की ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही, काही सूक्ष्म जागी गोळा होते. या तप्तबिंदूंचा व्यास असतो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंत. आयुष्य सेकंदाच्या एक लाखाव्या भागापासून एक हजाराव्या भागापर्यंत. तापमान मात्र ४३० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त. बिंदू याहून लहान असला, तर आजूबाजूचा थंड पदार्थ त्याची उष्णता ओढून घेतो आणि तो विझतो. पुरेसा मोठा असला, तर तिथले विघटन स्वतःच उष्णता सोडते, शेजारचा थर पेटतो आणि पुढे कुणाच्या हातात काही राहत नाही.

असा बिंदू तयार होण्याच्या वाटा अनेक आहेत, त्यांतल्या दोन कारखान्यात रोज भेटतात. पहिली, अडकलेला हवेचा बुडबुडा. हवा एकाएकी दाबली गेली की तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तीस अंशांच्या आसपासची हवा क्षणात वीसपट दाबाखाली आली, तर तिचे तापमान साधारण ४३० अंशांवर जाते. स्टीलचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर आपटले आणि मध्ये पातळ थरात बुडबुडे असले, तर वीसपट दाब ही काही मोठी गोष्ट नाही. नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक इतके बेभरवशाचे का, याचे मोठे कारण हेच बुडबुडे.

दुसरी वाट आहे खडा, म्हणजे वाळू, काच, गंजाचा कपचा असला कोणताही परका कण. इथे बाउडन यांच्या प्रयोगांतून निघालेली गोष्ट सहज सुचणारी नाही. खडा किती कठीण आहे यापेक्षा तो किती अंशाला वितळतो, हे महत्त्वाचे ठरले. कारण घासल्या जाणाऱ्या जागेचे तापमान त्या कणाच्या वितळबिंदूच्या वर जात नाही, त्याआधी कणच वितळून घसरू लागतो. म्हणून सुमारे ४३० अंशांच्या खाली वितळणारे कण मिसळले तर पदार्थाची संवेदनशीलता फारशी वाढली नाही, आणि त्याच्या वर वितळणाऱ्यांनी ती झपाट्याने वाढवली. वाळू वितळते दीड हजार अंशांच्या पुढे. स्फोटकात मेण घालण्याचे कारणही यात अंशतः दडले आहे. मेण आधी वितळते, कणांमध्ये वंगणासारखे पसरते आणि तापमान चढू देत नाही.

काडेपेटी हे याचे घरातले उदाहरण. काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट असते, पेटीच्या कडेला तांबडे फॉस्फरस. दोन्ही वेगळी ठेवली, हीच ‘सेफ्टी’ काडेपेटीतली सेफ्टी. आणि घर्षण वाढावे म्हणून तिथे काचेची पूड मुद्दाम घातलेली असते. काडेपेटीवाला जी काच विकत आणून घालतो, तिचेच काम करणारी रेती स्फोटकाच्या शेडमध्ये बुटाच्या तळव्याला चिकटून फुकट येते. डेंजर बिल्डिंगच्या, म्हणजे जिथे स्फोटके हाताळतात त्या इमारतीच्या दारात उंबऱ्यासारखी लाल आडवी पाटी असते, तिच्या अलीकडे बाहेरचे जोडे काढायचे आणि पलीकडे आतले, खिळे नसलेले जोडे घालायचे. नव्या माणसाला हा सोवळ्या-ओवळ्याचा प्रकार वाटतो. पण त्या पाटीवरून जोड्यासकट पाय टाकणारा माणूस मिश्रणाचा गुणधर्म बदलत असतो.

आता मोजणीकडे. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांची चाचणी-पुस्तिका आहे. तिच्यात आघातासाठी फॉलहॅमर म्हणजे पडत्या वजनाचे यंत्र आहे. स्टीलच्या दोन छोट्या दंडगोलांमध्ये ४० घन मिलिमीटर पदार्थ ठेवायचा आणि ठरावीक उंचीवरून वजन सोडायचे. आवाज, ज्वाळा किंवा ठिणगी दिसली तर स्फोट धरायचा. नुसता रंग बदलला किंवा वास आला तर विघटन. घर्षणासाठी चिनी मातीची खडबडीत पट्टी आणि तिच्यावर टेकलेली चिनी मातीचीच खुंटी. मध्ये १० घन मिलिमीटर पदार्थ. खुंटीवर वजनाने भार द्यायचा आणि पट्टी १० मिलिमीटर पुढे-मागे सरकवायची. दोन्हींत सहा-सहा वेळा करून पाहायचे. सहांत एकदा तरी स्फोट झाला, असा सर्वांत कमी आकडा ही त्या पदार्थाची मर्यादा. आघाताचा आकडा २ ज्यूल किंवा त्याहून कमी आला, अथवा घर्षणाचा ८० न्यूटनपेक्षा (सुमारे आठ किलोच्या भारापेक्षा) कमी आला, तर तो पदार्थ त्या रूपात वाहतुकीला अयोग्य.

नायट्रोग्लिसरीनचा आघाताचा आकडा १ ज्यूल. पीईटीएन या स्फोटकाचा, कोरडे असताना, ३, कोरड्या आरडीएक्सचा ५, टीएनटीचा १५. घर्षणात कोरडे पीईटीएन ६० न्यूटनला जाते, आरडीएक्स १२० ला. लेड अझाइड, जे डिटोनेटरमध्ये (मुख्य स्फोट सुरू करणाऱ्या नळकांडीत) वापरतात, ते १० न्यूटनला, तर लेड स्टिफनेट दोनच न्यूटनला. टीएनटी मात्र या यंत्राच्या ३६० न्यूटनच्या कमाल भारालाही दाद देत नाही. म्हणूनच पीईटीएन नेताना त्यात किमान २५ टक्के पाणी आणि आरडीएक्समध्ये किमान १५ टक्के पाणी ठेवावे लागते. पाणी वाळले की कागदावर माल तोच, पण वस्तू दुसरी.

हे आकडे शेडमधल्या गोष्टींशी ताडून पाहा. एक किलोचा पाना एक मीटरवरून निसटला, तर खाली पोहोचताना त्याच्यात जवळपास १० ज्यूल असतात. वीस सेंटिमीटरवरून निसटला तरी दोन. साठ न्यूटन म्हणजे सहा किलोचा भार, भाकरीचे पीठ मळताना तळहाताने याहून अधिक जोर लागतो. अर्थात नुसता भार बघून चालत नाही. यंत्रात तो खुंटीच्या बारीक टोकाखाली एकवटलेला असतो, तळहाताखाली पसरतो. पण दाराच्या बिजागरीत, बोल्टच्या आट्यांत, बेअरिंगच्या कडेला, झाकणाच्या खोबणीत जागा तशीच बारीक असते. धोका नेमका तिथे बसलेला असतो.

या चाचण्यांची एक मर्यादा सांगायला हवी, कारण तिचा गैरसमज सर्वाधिक महाग पडतो. सहा वेळा करून एकदाही स्फोट झाला नाही, तर पदार्थ त्या भाराला सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की स्फोटाची शक्यता दर वेळी ३९ टक्क्यांहून जास्त नाही. एकोणचाळीस! सहा चाचण्यांतून याहून जास्त काही निघतच नाही. शक्यता एक टक्क्याखाली आहे असे त्याच खात्रीने म्हणायचे, तर सुमारे तीनशे वेळा निर्विघ्न करून दाखवावे लागेल. तेव्हा ‘इतकी वर्षे आम्ही असेच खरवडतो, काही झाले नाही’ या वाक्याला पुराव्याची किंमत नाही. हजारात एकदा होणारी गोष्ट दिवसाला चार वेळा केली, तर ती वर्षभरात बहुधा होतेच.

चौकशीत हे मोजून पाहिले नाही तर काय होते, याचे नोंदलेले उदाहरण अमेरिकेच्या ‘आयोवा’ या युद्धनौकेचे आहे. १९ एप्रिल १९८९ रोजी तिच्या तोफांच्या दुसऱ्या बुरुजातल्या मधल्या १६ इंची तोफेत दारू भरताना स्फोट झाला आणि ४७ खलाशी ठार झाले. नौदलाच्या पहिल्या चौकशीने ठपका ठेवला एका मृत खलाशावर. त्याने मुद्दाम घडवले म्हणे. पुढे सिनेटच्या सांगण्यावरून अमेरिकेच्याच सँडिया प्रयोगशाळेने स्वतंत्र तपास केला. दारूच्या पाच पिशव्या यांत्रिक ठोशाने नळीत सारतात, त्या नेमक्या किती वेगाने आणि किती आत गेल्या, हे त्यांनी धातूवरच्या खुणांवरून काढले. त्या गरजेपेक्षा खूप आत रेटल्या गेल्या होत्या. पिशवीचे वजन पुरते करण्यासाठी वर दारूच्याच थोड्या गोळ्या आडव्या टाकलेल्या असतात. या थरात गोळ्या कमी असल्या तर धक्क्याचा सगळा भार त्या मोजक्या गोळ्यांवर येतो, त्या फुटतात, फुटताना गरम कण उडतात आणि शेजारच्या काळ्या दारूच्या थैलीला पेटवतात. हे पडताळण्यासाठी पिशव्यांची उतरंड वजनासह पोलादी पाटावर टाकून पाहण्यात आली. सतरा वेळा काही झाले नाही. २४ मे १९९० रोजी अठराव्या वेळी ती पेटली. ऑक्टोबर १९९१ मध्ये नौदलाने त्या खलाशाच्या कुटुंबाची माफी मागितली. सहा वेळा करून थांबले असते तर ‘दारू धक्क्याने पेटत नाही’ असाच शेरा पडला असता, आणि एका मेलेल्या माणसाच्या नावावर सत्तेचाळीस मृत्यू कायमचे राहिले असते.

आपल्याकडेही ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ हे वाक्य फार स्वस्त आहे. ज्याने पाना टाकला त्याच्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. तिथे पाना पडू शकेल, पडलाच तर खाली उघडी पूड असेल आणि तिची मर्यादा पान्याच्या आघाताहून कमी असेल, अशी मांडणी कुणी केली?

कामाच्या जागी चुका कुठे होतात, ते थोडे जवळून. चाळणीपासून सुरू करू. जाळी सैल झाली की चौकटीवर आपटू लागते, तार तुटली की तिचा तुकडा मालात जातो आणि पुढच्या यंत्रात तोच खडा ठरतो. म्हणून जाळी पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर उजेडासमोर धरून पाहायची. तार तुटलेली आढळली तर मधला सगळा माल बाजूला काढायचा. उत्पादन विभागाला हे आवडत नाही, कारण तुकडा सापडेपर्यंत पुढचे काम थांबते. चाळताना माणूस भिंतीपलीकडे हवा, हे तर बोलायलाच नको.

मग आटे. पूड उडते आणि बोल्टच्या, झाकणाच्या, व्हॉल्व्हच्या आट्यांत जाऊन बसते. फिरवताना ती दोन धातूंमध्ये चिरडली जाते, म्हणजे चिनी मातीच्या खुंटीचे काम बोल्ट करतो. संवेदनशील मालाच्या डब्याला आट्याचे झाकण नकोच, सैल बसणारे किंवा नुसते ठेवायचे हवे. यंत्रावर बोल्ट टाळता येत नसतील तर ते मालाच्या वाटेबाहेर, टोपीखाली झाकलेले असावेत. देखभालीसाठी यंत्र उघडण्याआधी ते धुऊन, योग्य द्रावकाने पुसून, निरीक्षकाच्या सहीनेच फिटरच्या ताब्यात द्यावे. फिटर हा बहुतेक वेळा स्फोटकांचा माणूस नसतो. अडकलेला बोल्ट हातोड्याने सैल करायचा, हे त्याच्या हाताचे वळण असते. उत्पादन बंद असताना यंत्र ‘रिकामे’ आहे असे सगळ्यांना वाटते, पण आटे, सांधे आणि सील रिकामे नसतात.

पितळी हत्यारांबद्दल एक गैरसमज फार मुरलेला आहे. पितळ, ब्राँझ किंवा बेरिलियम-तांब्याचा हातोडा ठिणगी देत नाही, हे खरे. पण एक किलोचा पितळी हातोडा पोलादी हातोड्याइतकाच आघात करतो. ठिणगी टळली, ज्यूल तेवढेच राहिले. जिथे आघाताची भीती आहे तिथे लाकूड, रबर, चामडे. आणि लेड अझाइडच्या जवळ तर तांबे-पितळ आणूच नये. दमट हवेत त्यांच्यापासून कॉपर अझाइड तयार होते आणि ते मूळ पदार्थापेक्षा कितीतरी हळवे असते. गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम आपटले की थर्माइटची, म्हणजे ॲल्युमिनियम आणि गंज यांच्या अतितप्त अभिक्रियेची, भडक ठिणगी उडते. तेव्हा ‘हलकी म्हणून’ ॲल्युमिनियमची शिडी गंजक्या चौकटीला टेकवणे हाही शहाणपणा नव्हे.

खाणींना पुरवतात त्या इमल्शनबद्दल, म्हणजे अमोनियम नायट्रेटचे पाणी तेलात घोटून केलेल्या स्फोटकाबद्दल थोडे अधिक, कारण वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींत ते बल्कने, बीएमडी व्हॅनमधून (मिसळून पोचवणाऱ्या टँकरमधून) जाते. हातोड्याने सहसा काही होत नाही म्हणून ते निर्धास्तपणे हाताळले जाते. पण ते पंपाने ढकलावे लागते, आणि पंप म्हणजे न थांबणारे घर्षण. स्क्रू पंपात धातूचा रोटर (फिरता दांडा) रबरी स्टेटरमध्ये (स्थिर आवरणात) फिरतो. पुढची नळी तुंबली किंवा मागचा माल संपला, तरी मोटर फिरतच राहते आणि तिची सगळी शक्ती आत अडकलेल्या मालात उष्णता होऊन मुरते. पाच किलोवॅट, दहा किलो माल असे धरले तर साधारण मिनिटाला पंधरा अंश. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कुणाच्या लक्षातही येत नाही. पाव तासात सव्वादोनशे अंशांची वाढ होते, पाणी उडून जाते आणि मागे उरते कोरडे अमोनियम नायट्रेट व तेल. म्हणून पंपाला चार स्वतंत्र ट्रिप, म्हणजे पंप आपोआप बंद करणाऱ्या कळा लागतात: प्रवाह थांबला की, दाब वाढला की, दाब एकदम पडला की आणि तापमान चढले की. शिवाय दाब फार वाढला की स्वतः फुटून वाट देणारी चकती. यांतली एखादी ट्रिप ‘सारखी खोटी पडते’ म्हणून तार जोडून निकामी करणे हा या धंद्यातला अत्यंत घातक उपाय आहे. ट्रिप वारंवार पडते आहे याचा अर्थ मालात गुठळ्या आहेत किंवा स्टेटर झिजला आहे. तो शोधायचा.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरही हे ज्ञान लागते. महाविद्यालयांच्या रसायनशाळेत आणि पॅथॉलॉजीच्या मागच्या कपाटात पिक्रिक ॲसिडची जुनी बाटली असते. ओले असते तोवर ते पिवळे, निरुपद्रवी दिसते. वाहतुकीच्या नियमांत पाणी ३० टक्क्यांहून कमी झाले की ते स्फोटकांच्या वर्गात जाते. वाळलेले स्फटिक झाकणाच्या आट्यांत जमतात. झाकण धातूचे असेल तर त्याचे पिक्रेट बनतात आणि ते आणखी हळवे. झाकणाभोवती पिवळी खरवड दिसली तर बाटली उघडू नये, हलवू नये, ‘जरा पाणी घालून बघू’ म्हणू नये. खोली बंद करून पोलिसांना कळवावे, त्यांच्याकडे बॉम्बशोधक व नाशक पथक असते. दरवर्षी जून महिन्यात कपाटे आवरताना हे एकदा तपासले, तर ही वेळ येत नाही. खरेदीची तारीख बाटलीवर लिहिलेली असावी, एवढे तरी व्हावे.

लष्करी सराव मैदानांच्या आसपासच्या गावांत, विशेषतः नगरजवळच्या के. के. रेंजच्या परिसरात, न फुटलेले गोळे भंगारात येतात. पितळ आणि पोलादाच्या किमतीसाठी ते फोडले जातात. गोळा तोफेतून सुटताना बसणारा धक्का आणि त्याची गरगर, या दोन्हींनी त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, जागा होतो. जो गोळा उडून पडला आणि फुटला नाही, त्याचे हे दोन्ही टप्पे पार झालेले असतात. आत टोकदार पिन आणि डिटोनेटर समोरासमोर आलेले असतात. काय अडले म्हणून तो थांबला, ते बाहेरून कळत नाही. त्याला छिन्नी लावणे म्हणजे राहिलेले काम आपल्या हाताने पुरे करणे. गोळा दिसला तर हात न लावता जागेवर खूण करावी आणि ११२ ला फोन करावा.

दिवाळीच्या फटाक्यांबद्दल एकच. क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या मिश्रणावर देशात १९९२ पासून बंदी आहे, आणि तिचे कारण हेच, की ते घासल्याने, आपटल्याने आणि नुसते साठवूनही पेट घेते. तरीही चोरट्या मार्गाने आलेल्या मालात ते सापडते. न फुटलेला फटाका सोलून दारू गोळा करणाऱ्या मुलांच्या हातात नेमके काय आहे, हे वेष्टनावरून कळत नाही. पाण्याच्या बादलीत टाकावा आणि विसरावा. पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून महिला कामगारांचे बळी गेले. स्फोट कशाने झाला असे विचारण्याआधी, केकवर लावायच्या मेणबत्तीत ज्वालाग्राही मिश्रण भरणारा कारखाना कुणाच्या यादीत होता, हे विचारायला हवे.

आता मागणी. स्फोटक सुरक्षेची केंद्रीय संस्था पेसो, तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. पुण्यात एचईएमआरएल ही उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. मोजणी करायला परराज्यात जायची गरज नाही. स्फोटक अधिनियम १८८४ च्या कलम ९ आणि ९-अ नुसार अपघातांची चौकशी होते. त्या अहवालात पुढील गोष्टी असाव्यात आणि अहवाल लोकांना वाचायला मिळावा: कोणता पदार्थ, किती ओला, त्या खेपेचा आघाताचा आणि घर्षणाचा आकडा किती, राखून ठेवलेल्या नमुन्यावर चाचणी कुणी केली, कोणत्या यंत्राच्या कोणत्या भागावर सुरुवात झाली, त्या भागावर किती भार येऊ शकतो, शेवटची दुरुस्ती केव्हा आणि कुणाच्या सहीने. गोपनीयतेची सबब इथे लागू होत नाही. मिश्रणाची कृती झाकून ठेवा, ज्यूल आणि न्यूटन झाकण्यासारखे नसतात.

दुसरी मागणी स्वस्त आहे. प्रत्येक शेडच्या दारावर मराठीत आणि हिंदीत एक पाटी हवी. आत आज कोणता माल आहे, तो किती ज्यूलला आणि किती न्यूटनला जातो, आणि कोणते हत्यार आत नेलेले चालेल. खेप बदलली की पाटीवरचा आकडा बदलायचा. आकडा मोजलेलाच नसेल तर पाटी कोरी राहील, आणि कोरी पाटी असलेल्या शेडमध्ये पाऊल टाकायला नकार देण्याचा हक्क कामगाराला स्थायी आदेशांत (कारखान्याच्या सेवानियमांत) लेखी मिळावा. कंत्राटी कामगारालाही. आज बहुतेक शेडच्या दारावर ‘धोका’ एवढेच लिहिलेले असते.

आपले,
स्फोटक सुरक्षेच्या क्षेत्रातील काही तंत्रज्ञ
नागपूर